गहाण घर-शेत वाचवणारे जज्ज : न्यायमूर्ती रानडे

निफाडला १८४२ साली जन्मलेले महादेव गोविंद रानडे आपल्याला समाजसुधारक म्हणून ठाऊक आहेत. कर्जबाजारी शेतकऱ्याचं घरदार वाचवायचं त्यांचं काम मात्र फारसं कुणी सांगत नाही.

१८७५ मध्ये बारामतीजवळच्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखतं जाळली. जाळणार नाहीत तर काय! हातात पडायची एक रक्कम, कागदावर दुसरीच, अन् कोर्ट बघायचं फक्त कागद. मग १८७९ साली पुणे, सातारा, नगर, सोलापूरसाठी कायदा आला. कोर्टानं हिशेब पहिल्यापासून तपासायचा, हप्ते बांधून द्यायचे, गहाण नसलेलं घर-शेत लिलावात काढायचं नाही, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकायचं नाही. याच कायद्याखाली रानडे स्पेशल जज्ज झाले. जिल्ह्याजिल्ह्यात फिरून ते खालच्या कोर्टांचे निकाल तपासायचे. ही तपासणी नसती तर कायदा कागदावरच राहिला असता.

१८९३ मध्ये ते हायकोर्टात गेले, १९०१ मध्ये वारले. सावकारांनीही पळवाट काढलीच होती, गहाणखताऐवजी थेट खरेदीखत लिहून घ्यायची. पुढे कायदा दुरुस्त झाला. कागद खरेदीचा असला तरी व्यवहार गहाणाचाच होता, हे शेतकऱ्याला कोर्टात दाखवता येऊ लागलं.