दप्तरातले बाबुराव, गोंडवनातले बाबुराव

नंदनवन (नागपूर), प्रतिनिधी : पूर्व नागपुरातील नंदनवन वसाहतीजवळून वाहणारी नाग नदी पुढे कन्हानला मिळते. कन्हान वैनगंगेत जाते, वैनगंगा आणि वर्धा यांच्या संगमातून प्राणहिता होते आणि प्राणहितेच्या काठी अहेरीचा मुलूख लागतो. त्या मुलखातील पंचविशीच्या एका गोंड जमीनदाराने १८५८ साली इंग्रजी सत्तेविरुद्ध शस्त्र उचलले आणि त्याच वर्षी चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. वीर बाबुराव पुल्लेसूर शेडमाके हे त्याचे नाव. विदर्भात हे नाव आज सर्वश्रुत आहे. मात्र सत्तावनच्या उठावाचा इतिहास मंगल पांडे, झाशी आणि कानपूर इथेच संपतो असे मानणाऱ्या वाचकाला त्या नावामागचा माणूस अजूनही अपरिचित आहे.

याचे एक कारण साधनांमध्ये आहे. बाबुरावांच्या लढ्याचा जो तारीखवार तपशील उपलब्ध आहे, तो बहुतांशी त्यांना पकडणाऱ्या आणि फाशी देणाऱ्या सरकारच्या दप्तरातून आलेला आहे. त्यांची बाजू कागदावर उतरली नाही. ती गाण्यांत, कथांत आणि गावांच्या आठवणीत राहिली आणि फार उशिरा आदिवासी लेखकांच्या हाती आली.

मोलमपल्लीचा जमीनदार

बाबुरावांचा जन्म १२ मार्च १८३३ रोजी अहेरीनजीकच्या किष्टापूर येथे झाला. हा भाग तेव्हा चांदा प्रांतात होता, आज तो गडचिरोली जिल्ह्यात आहे. वडील पुल्लेसूरबापू हे अहेरीच्या अखत्यारीतील मोलमपल्लीचे जमीनदार. आईचे नाव जुर्जाकुंवर. गोटुलात गोंडी रीतिरिवाज, नाचगाणी आणि तिरकमठा शिकलेल्या या मुलाला पुढे इंग्रजी शिक्षणासाठी रायपूरला पाठविण्यात आले, असे चरित्रकार सांगतात. ज्यांच्याशी पुढे लढायचे होते, त्यांची भाषा त्यांच्या कानावरून गेली होती. परत आल्यावर राजकुंवर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि जमीनदारीचा कारभार त्यांच्याकडे आला.

गोंडांची सत्ता त्याआधीच गेली होती. नागपूर शहर अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने वसविले. नंदनवनपासून जवळच असलेल्या महाल भागात गोंड राजाच्या किल्ल्याची खूण अजून आहे. पुढे देवगडची सत्ता भोसल्यांच्या हाती गेली. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्यही रघुजी भोसल्यांनी घेतले. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले. अशा रीतीने चांदा थेट कंपनीच्या अमलाखाली आला. मराठी वाचकाच्या दृष्टीने यात १८५४ हे पारतंत्र्याचे वर्ष आहे. गोंडांचा हिशेब मात्र त्याच्या शंभर वर्षे आधी सुरू होतो. आदिवासी लेखकांचे लेखन हाती घेतले की हा फरक प्रथम ध्यानात येतो.

सहा महिन्यांचा लढा

जून १८५७ मध्ये नागपूरजवळ टाकळी येथील घोडदळाचा उठावाचा प्रयत्न फसला आणि शहर शांत राहिले. राजमाता बाकाबाईंनी इंग्रजांशी बिघाड न करण्याचे धोरण ठेवले. दक्षिणेकडे जंगलात मात्र वेगळी तयारी चालली होती. बाबुरावांनी सप्टेंबर १८५७ मध्ये गोंड तरुणांचे जंगोम दल उभारले, असे सांगितले जाते. मार्च १८५८ मध्ये या दलाने राजगड परगण्यावर ताबा मिळविला. आर्पल्ली आणि घोटचे जमीनदार व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. गोंडांसोबत रोहिलेही या फौजेत होते.

चांद्याचा उपायुक्त कॅप्टन क्रिक्टन याने फौज पाठविली. १३ मार्च रोजी नांदगाव घोसरी येथे गाठ पडली आणि सरकारी फौजेला माघार घ्यावी लागली. त्यानंतर सगणापूर आणि बामनपेठ येथेही चकमकी झाल्या. डोंगर, नाले आणि झाडी यांची माहिती ही या लढवय्यांची मुख्य शक्ती होती.

२९ एप्रिल रोजी प्राणहितेच्या काठी चिंचगुंडी येथे तारायंत्र खात्याच्या तळावर हल्ला झाला. गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर हा तिसरा निसटला. सरकारी दप्तरात बाबुरावांची नोंद खुनी आणि लुटारू अशी पक्की झाली, ती या घटनेमुळे. दोन माणसांचा जीव गेला, हे खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण तारायंत्र हे त्या काळी युद्धाचे साधन होते. सत्तावनच्या वर्षात कंपनीचे सैन्य तारेवरच्या संदेशाने हलविले जात होते. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे त्या तळावरील हल्ल्याकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

रणात हाती न लागलेले बाबुराव अखेर दुसऱ्याच मार्गाने सापडले. क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दबाव आणला. त्यांच्या माणसांनी भोपालपट्टणम भागात बाबुरावांना पकडले. तेथून ते निसटले, पण १८ सप्टेंबर १८५८ रोजी पुन्हा सापडले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगाच्या आवारातील पिंपळाला त्यांना फाशी देण्यात आली. व्यंकटराव बस्तरकडे निघून गेले होते. पुढे तेही पकडले गेले आणि त्यांना जन्मठेप झाली. आर्पल्ली व घोट जमीनदारीतील ६७ गावे सरकारने लक्ष्मीबाईंना बक्षीस दिली.

त्यानंतर अकराच दिवसांनी, १ नोव्हेंबर १८५८ रोजी, राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचे राज्य संपून राणीचे आले आणि बंडात सामील झालेल्यांना माफी जाहीर झाली. इंग्रज प्रजाजनांच्या हत्येत हात असलेल्यांना मात्र ती नव्हती. तेव्हा बाबुराव अकरा दिवस जगले असते तरी सुटले असते, असे म्हणता येत नाही. समेटाची भाषा सुरू झाली तेव्हा समेटाच्या अटीही जेत्यानेच ठरविल्या होत्या, एवढे मात्र या दोन तारखांवरून स्पष्ट होते.

दोन साधने, दोन प्रश्न

काय घडले आणि कोणत्या दिवशी घडले, हे दप्तर सांगते. ते का घडले, या प्रश्नाला दप्तरात एकच उत्तर आहे : लुटीचा लोभ. गावोगावच्या कथांत बाबुराव वज्रदेही आहेत. त्यांच्या गळ्यातला दोर पुन्हा पुन्हा तुटतो. या कथा पुरावा म्हणून वाचायच्या नाहीत. पण पराभवानंतर एक समाज आपल्या माणसाचा मृत्यू मानायला तयार नव्हता, हे त्या सांगतात, आणि ते कोणत्याही अहवालात नाही.

या दोहोंमधील जागा आदिवासी लेखकांनी भरली. १९७९ मध्ये भद्रावती येथे पहिले आदिवासी साहित्य संमेलन झाले, ते बाबुरावांच्याच चांदा मुलखात. व्यंकटेश आत्राम यांनी ‘गोंडी संस्कृतीचे संदर्भ’ मध्ये गोंडांची नाती, दैवते आणि भाषा यांची मांडणी केली. भुजंग मेश्राम यांनी आपल्या कवितासंग्रहाला ‘उलगुलान’ हे मुंडा उठावाचे नाव दिले आणि विदर्भातील वेदना छोटा नागपूरच्या लढ्याशी जोडली. रामटेक तालुक्यात जन्मलेले आणि नागपुरात रिझर्व्ह बँकेत नोकरी केलेले मोतीरावण कंगाली २०१५ मध्ये निधन होईपर्यंत गोंडी भाषा आणि पुनेम यांवर लिहीत राहिले. त्यांच्या काही निष्कर्षांबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. तरीही चार देवे, सहा देवे, सात देवे अशा सगा व्यवस्थेत कोण कोणाचा सोयरा होतो आणि गाव, रान व दैवत एकमेकांशी कसे बांधलेले असतात, हे अशा लेखनाशिवाय बाहेरच्या वाचकाला कळणे कठीण आहे. ते कळले म्हणजे परगणा हा केवळ महसुलाचा तुकडा राहत नाही आणि त्याच्यासाठी शस्त्र उचलणारा माणूस केवळ लुटारू ठरत नाही.

लक्ष्मीबाईंचा प्रसंगही मग नीट वाचता येतो. फितुरी या एका शब्दाने तो संपत नाही. एकाच समाजातील दोन जमीनदाऱ्यांना एकमेकींसमोर उभे करण्याची सोय नव्या सत्तेच्या हाती होती आणि तिने ती वापरली.

उशिराची दखल

स्वतंत्र भारताने बाबुरावांची दखल घेतली, ती हळूहळू. १२ मार्च २००९ रोजी टपाल खात्याने त्यांच्या नावाचे तिकीट काढले. दर २१ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या तुरुंगातील त्या पिंपळापाशी गोंड बांधव अभिवादनाला जमतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने वनवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याची कबुली आपल्या प्रास्ताविकात दिली. तिकीट निघाले त्याच २००९ साली गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गोंड गावाला त्याच्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. तिकिटाने एका माणसाचा मान परत केला. ज्या रानासाठी तो माणूस लढला, त्या रानाचा प्रश्न दुसऱ्या निर्णयाने निदान एका गावापुरता सोडविला. खरा समेट यातील दुसऱ्या वाटेने अधिक पुढे जातो.

नाग नदीचे पाणी आजही प्राणहितेपर्यंत पोहोचते. नंदनवनातील एखाद्या विद्यार्थ्याने सत्तावनचा धडा वाचताना त्या पाण्याच्या वाटेने अहेरीपर्यंत जावे, दप्तरातील तारखा टिपून घ्याव्यात आणि मग आत्राम, मेश्राम, कंगाली यांची पुस्तके उघडावीत. बाबुराव शेडमाके यांची पुरती ओळख या दोन्ही वाचनांतूनच होते.