बेडकांना चड्डी घालणारा शास्त्रज्ञ

मित्रांनो, टायटल वाचून हसू आलं ना? पण ही गंमत नाही. अठराव्या शतकात इटलीतल्या एका पाद्र्याने नर बेडकांना चक्क चड्ड्या घातल्या होत्या. त्यातून प्रजननाचं एक फार जुनं कोडं सुटत आलं होतं. सुटलं मात्र नाही. का, ते पुढे बघू.

लाझारो स्पालान्झानीचा जन्म १७२९ साली उत्तर इटलीतल्या स्कँडियानो गावी झाला. वडील वकील, त्यामुळे मुलगाही लॉ शिकायला बोलोन्याला गेला. (आपल्याकडे इंजिनिअरिंग, तिकडे लॉ!) तिथे त्याच्या नात्यातली लॉरा बासी विद्यापीठात फिजिक्स शिकवायची. त्या काळात बाई प्रोफेसर, विचार करा! तिच्या सहवासात त्याला विज्ञानाची गोडी लागली आणि लॉ मागे पडला. पुढे तो पाद्री झाला आणि १७६९ पासून पाव्हियाच्या विद्यापीठात शिकवू लागला.

तोवर त्याचं नाव झालं होतं. रश्श्यात सूक्ष्मजीव आपोआप तयार होतात, असं तेव्हा मोठेमोठे विद्वान मानत. याने रस्सा भरपूर उकळून बाटल्यांची तोंडं बंद केली. आत काहीच वाढलं नाही! १७६५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. कोणी कितीही मोठा असो, प्रयोग करून बघायचा, ही त्याची पद्धत होती.

आता बेडूक. मादी पाण्यात अंडी घालते तेव्हा नर तिला घट्ट धरून बसलेला असतो. पण त्याचं काम नक्की काय? स्पालान्झानीने नरांना मेणकापडासारख्या कापडाच्या घट्ट चड्ड्या घातल्या. अंडी कुजून गेली. मग चड्डीत साठलेले थेंब त्याने दुसऱ्या अंड्यांना लावले, तर त्यातून बेडूकमासे निघाले! म्हणजे वीर्य अंड्याला प्रत्यक्ष लागल्याशिवाय काही होत नाही. नंतर त्याने एका कुत्रीला कोंडून ठेवलं आणि पिचकारीने तिच्या गर्भाशयात वीर्य सोडलं. ६२ दिवसांनी तिला तीन पिल्लं झाली. सस्तन प्राण्यातलं कृत्रिम रेतनाचं हे पहिलं नोंदलेलं उदाहरण. बर्फाने गार केलेले शुक्रजंतू निपचित पडतात आणि ऊब मिळाली की पुन्हा हलतात, हेही त्याने १७७६ मध्ये पाहिलं होतं.

खरी गोष्ट पुढे आहे. त्याने बेडकाचं वीर्य पाण्यात मिसळून फिल्टर पेपरमधून गाळलं. खाली आलेल्या पाण्याने अंडी फळली नाहीत. पेपरवर राहिलेला गाळ पाण्यात मिसळून लावला, तर फळली! आपल्याला उत्तर लगेच दिसतं : गाळात शुक्रजंतू होते. त्याला मात्र ते दिसलं नाही. सगळा जीव आधीपासून अंड्यातच असतो आणि शुक्रजंतू म्हणजे नुसते परोपजीवी किडे, असं त्याच्या मनात पक्कं बसलं होतं. दुसऱ्यांच्या समजुती प्रयोगाने मोडणारा माणूस स्वतःच्या समजुतीपाशी अडला.

१७९९ मध्ये पाव्हियात तो वारला. पुढे १८२४ मध्ये प्रेव्हो आणि द्यूमा यांनी जिनिव्हात तोच गाळण्याचा प्रयोग पुन्हा केला आणि श्रेय शुक्रजंतूंना दिलं. १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविगने सी-अर्चिनच्या अंड्यात दोन्हीकडची केंद्रकं एक होतात हे दाखवलं, आणि कोडं सुटलं.

आपल्या उरुळीकांचनला १९६७ मध्ये मणिभाई देसाईंनी सुरू केलेल्या बाएफने कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या गोठ्यापर्यंत नेलं. उणे १९६ डिग्रीच्या लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवलेलं वीर्य घेऊन माणूस मोटरसायकलवर गावोगाव जातो. त्याची सुरुवात त्या पिचकारीपासून झाली.

मला स्पालान्झानीची एक गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. फिल्टरचं रीडिंग त्याच्या थिअरीत बसत नव्हतं, तरी त्याने ते लपवलं नाही. जसं आलं तसं लिहून ठेवलं. निष्कर्ष चुकला, पण नोंद खरी राहिली, म्हणून पुढच्यांना तिथून पुढे जाता आलं. तेव्हा मंडळी, सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नलमधला ग्राफ ओरिजिनमधून जात नसेल, तर खोडरबर उचलण्याआधी या पाद्र्याची आठवण काढा!