दादासाहेब गायकवाड : मोर्चाही त्यांचाच, निवेदनही त्यांचेच

निवडणूक जवळ आली की बिडकीनच्या पोरांनाही काम मिळते. कुणी उमेदवाराचे व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळतो, कुणी मतदारयादीतली नावे वस्तीप्रमाणे वेगळी काढून देतो, कुणी बूथवर बसतो. शिकलेल्यांपैकी काहींना आता यातच करिअर करायचे आहे. प्रचाराचे नियोजन करून देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि मंत्रालयात किंवा दिल्लीत एखाद्याची बाजू मांडण्यासाठी पगारी माणसेही असतात. सरकारच्या एका निर्णयाने काय काय बदलते, हे आपल्या भागाला डीएमआयसीसाठी जमिनी गेल्या तेव्हा कळलेच आहे.

हे काम आपल्याला नवे नाही. आंबेडकरी चळवळीत ते सर्वांत नेमकेपणाने जाणणारा माणूस धोतर नेसून फिरायचा. भाऊराव कृष्णाजी गायकवाड, म्हणजे आपले कर्मवीर दादासाहेब. त्यांच्या जयंती-स्मृतिदिनाला आपण भूमिहीनांचा सत्याग्रह आठवतो, हार घालतो आणि घरी येतो. तो सत्याग्रह उभा कसा केला, सरकारपुढे मागणी कशी ठेवली, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

दादासाहेबांचा जन्म १५ ऑक्टोबर १९०२ चा, नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातील आंबे गावचा. बाबासाहेबांच्या सहवासात ते तरुणपणीच आले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा सत्याग्रह समितीचे सचिव तेच होते. सचिव म्हणजे नुसते पद नव्हते. मंदिराला चार दरवाजे. दुसऱ्या दिवशी पहिल्या तुकडीत १२५ पुरुष आणि २५ स्त्रिया त्या दरवाज्यांवर बसल्या. त्या उठल्या की त्यांच्या जागी कोण बसणार, खेड्यांतून आलेल्यांच्या भाकरीचे काय, अटक झालेल्यांच्या घरी कोण जाणार, मार बसला तर दवाखाना कुठला, हा सगळा हिशेब रोज मांडावा लागे. तोही एकदोन महिने नव्हे. हा लढा थांबत, पुन्हा सुरू होत काही वर्षे चालला.

त्याच वर्षाच्या शेवटी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला होते. तिथे ते अस्पृश्यांचे राजकीय हक्क मागत होते आणि इथे नाशिकला माणसे दरवाज्यावर बसली होती. लंडनच्या टेबलावरच्या शब्दाला नाशिकच्या उन्हातल्या माणसांमुळे वजन येत होते. मंदिराचे दार त्या सत्याग्रहाने उघडले नाही. म्हणून त्याला अपयश म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. दार उघडत नाही हे जगाला दिसणे, हाच त्या लढ्याचा मोठा पुरावा होता. आणि मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र लिहून आता मंदिरप्रवेशात शक्ती घालवू नये, राजकारण आणि शिक्षणावर लक्ष द्यावे असे कळवले, तेव्हा ते थांबले. मोहीम कधी थांबवायची हे ज्याला कळत नाही, त्याच्या हाती मोहीम देऊ नये. ती पत्रे दादासाहेबांनी जपून ठेवली. पुढे ती छापली गेली. ज्याला या क्षेत्रात जायचे आहे त्याने आधी ती वाचावीत.

१९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष निघाला आणि १९३७ च्या निवडणुकीत दादासाहेब नाशिक जिल्ह्यातून मुंबई विधानसभेवर गेले. त्या वेळी मुंबई इलाख्यात जितक्या जागा तितकी मते आणि ती सगळी एकाच उमेदवाराला देण्याची मुभा होती. आपले मतदार थोडे, तेव्हा मते विखुरली तर संपलो. मतपत्रिका प्रथमच पाहणाऱ्या माणसाला हे समजावून सांगणे म्हणजे त्या काळचे प्रचारतंत्र. पक्षाने उभे केलेल्या १७ पैकी बहुतेक उमेदवार निवडून आले. १९५२ ला ही पद्धत उरली नव्हती, आणि खुद्द बाबासाहेब उत्तर मुंबईतून पराभूत झाले. निवडणुकीचा नियम बदलला की गणित कसे बदलते, ते इथे दिसते.

महार वतनाचे उदाहरण तर सरकारदरबारी पाठपुरावा म्हणजे काय याचा पाठच आहे. बाबासाहेबांनी १९२८ साली कायदेमंडळात वतनाविषयी विधेयक आणले. ते पुढे गेले नाही. डिसेंबर १९३९ मध्ये हरेगावला वतनदारांची मोठी परिषद झाली. अखेर वतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली. तीस वर्षे! आजचा क्लायंट तीस महिनेही थांबत नाही.

१९५७ ला दादासाहेब संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेत नाशिकहून लोकसभेवर गेले आणि १९६२ नंतर राज्यसभेवर. संसदेत बसणारा हा माणूस १९५९ ला मराठवाडा, खानदेश, नाशिक, नगरच्या भूमिहीनांना घेऊन सत्याग्रहात उतरला. मागणी साधी होती : पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याच्या नावे करा. पक्षातल्याच वकील मंडळींना हे रुचले नाही. बी. सी. कांबळे यांचा गट वेगळा झाला. घटनेच्या मार्गाने जावे, ही कम्युनिस्टांची वाट आहे, असा त्यांचा आक्षेप होता. दादासाहेबांच्या धोतराचीही टिंगल झाली. गंमत अशी की घटनेचा मार्ग आणि रस्ता, दोन्ही एकाच वेळी वापरणारे तेच होते.

ऑक्टोबर १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना दहा मागण्यांची सनद दिली. पडीक जमीन, किमान वेतन, झोपडपट्टीवासीयांचा प्रश्न, नोकरीतल्या राखीव जागा, बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती, आणि संसदेच्या सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र. निवेदन दिले, वाट पाहिली, आणि ६ डिसेंबरला देशभर सत्याग्रह सुरू झाला. तारीखही विचार करून निवडलेली. पक्षाने सांगितलेला आकडा तीन लाखांहून अधिक सत्याग्रहींचा आहे. शांताबाई दाणींसारख्या नेत्या पुढे होत्या, आणि कडेवर मूल घेऊन तुरुंगात गेलेल्या बायका आपल्या मराठवाड्यातल्या अनेक घरांत आजी म्हणून होऊन गेल्या. तुरुंग भरले तेव्हा सरकार चर्चेला आले आणि शास्त्रींनी बऱ्याच मागण्या मान्य केल्या. मान्य झाल्या आणि अमलात आल्या, यात मात्र फार अंतर राहिले.

आता जो भाग आपण टाळतो तो. १९६७ साली दादासाहेबांनी जिल्हा परिषदांच्या निवडणुकीसाठी यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता केला. त्यांचा हिशेब सरळ होता. गावात सत्ता कुणाची, तर पाटलाची, आणि पाटील काँग्रेसमध्ये. सत्तेत वाटा असेल तर अत्याचाराला आळा बसेल. पण समझोत्यात जागा थोड्या मिळाल्या, आणि कार्यकर्त्यांना सत्तेच्या दाराशी उभे राहण्याची सवय जास्त लागली. पक्ष आणखी फुटला, बॅरिस्टर खोब्रागडे यांचा गट वेगळा झाला. दादासाहेबांच्या हेतूवर शंका घ्यायचे कारण मला दिसत नाही, पण हा सौदा चुकला. मागे तीन लाख माणसे उभी असताना केलेली बोलणी आणि ती पांगल्यावर केलेली बोलणी सारखी नसतात, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते?

२९ डिसेंबर १९७१ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. सेंट्रल हॉलमध्ये बाबासाहेबांचे तैलचित्र लागले १२ एप्रिल १९९० ला. बौद्धांना केंद्राच्या सवलतीही त्याच वर्षी मिळाल्या. सनद देऊन पंचवीस वर्षे उलटली होती.

गायरानाचे म्हणाल तर १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय १९९१ चा आहे. त्यासाठी तलाठ्याकडच्या गाव नमुना एक-ई मध्ये नोंद लागते, दंडाच्या पावत्या लागतात. पैठण तालुक्यात कुणाच्या आजोबांचे नाव त्या नोंदवहीत आहे आणि कुणाचे नाही, याची गाववार यादी मतदारयादीची छाननी करू शकणाऱ्या कोणत्याही पोराला करता येईल. त्याचा पगार कुणी देणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.