कॉफीच्या पानावरचा तांबेरा आणि मार्शल वॉर्ड

झाडाचं पान आपल्याला स्वच्छ, हिरवं दिसतं. प्रत्यक्षात त्यावर जिवाणू, यीस्ट, बुरश्या आणि शेवाळ यांची दाट वस्ती असते. त्यातले बहुतेक निरुपद्रवी, काही उपयोगी, तर मोजके घातक. ही वस्ती बारकाईने पाहणाऱ्या पहिल्या काही शास्त्रज्ञांमध्ये हॅरी मार्शल वॉर्ड यांचं नाव येतं.

वॉर्ड यांचा जन्म १८५४ मध्ये इंग्लंडमधल्या हेरफर्डचा. लंडनमध्ये थॉमस हक्सली यांच्या वर्गात त्यांना जीवशास्त्राची गोडी लागली. पुढे केंब्रिजमध्ये त्यांनी पहिल्या वर्गात पदवी मिळवली आणि लगेचच, १८८० मध्ये, त्यांना सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, पाठवण्यात आलं. तेव्हा ते जेमतेम २५-२६ वर्षांचे होते.

सिलोन त्या काळी जगातल्या मोठ्या कॉफी उत्पादकांपैकी एक होतं. डोंगरच्या डोंगर एकाच पिकाखाली आले होते. १८६९ मध्ये तिथे पानांच्या मागच्या बाजूला नारिंगी भुकटीचे ठिपके दिसू लागले. हा कॉफीचा तांबेरा. 'हेमिलिया व्हास्टाट्रिक्स' नावाची बुरशी तो घडवते. ठिपके पडलेली पानं गळत, झाड खंगत जाई आणि फळ धरत नसे. मळेवाले कर्जात बुडाले आणि मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मजुरांचा रोजगार गेला. दोष कोणी जमिनीला देई, कोणी हवामानाला, तर कोणी झाडाच्या अशक्तपणाला.

वॉर्ड यांनी पेरादेनियाच्या वनस्पती उद्यानात मुक्काम ठोकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पान न् पान तपासलं. नारिंगी भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू, हे त्यांना दिसत होतंच. निरोगी पानावर पाण्याच्या थेंबात ते बीजाणू ठेवून त्यांनी पुढचा सगळा प्रवास पाहिला. पान ओलं असेल तरच बीजाणू रुजतो. त्यातून निघालेला बारीक तंतू पानाच्या मागच्या बाजूच्या रंध्रातून आत शिरतो. दोन-तीन आठवड्यांनी तिथेच नवा ठिपका उमटतो आणि त्यातून हजारो बीजाणू बाहेर पडतात. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या मळ्यांत ठेवून हे बीजाणू वाऱ्यावर पसरतात, हेही त्यांनी दाखवलं. सलग लावलेल्या मळ्यांमध्ये त्यांना अडवणारं काहीच नव्हतं.

यातून एक व्यावहारिक निष्कर्ष निघत होता. तंतू एकदा पानात शिरला, की वरून काही मारून उपयोग नाही. औषध त्याआधीच पानावर असायला हवं. पण असं खात्रीचं औषध वॉर्ड यांच्याकडे नव्हतं. मळेवाल्यांना उपाय हवा होता, हाती आलं ते निदान. १८८२ मध्ये वॉर्ड मायदेशी परतले. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये जाहीर झालं, ते त्यानंतर तीन वर्षांनी. सिलोनच्या कॉफीसाठी तोवर उशीर झाला होता. तिथले मळे चहाकडे वळले. दक्षिण भारतातले कॉफी उत्पादक मात्र पावसाळ्याच्या तोंडावर आजही बोर्डो मिश्रण फवारतात. त्यामागचं तत्त्व तेच आहे: आधी पान राखायचं.

सिलोनमध्ये वॉर्ड यांनी केवळ रोगच पाहिला नाही. पानांवर काजळीसारख्या वाढणाऱ्या काळ्या बुरश्यांचाही त्यांनी अभ्यास केला. पानावरच्या शेवाळाला बुरशीचे तंतू वेढतात आणि त्यातून दगडफूल कसं घडतं, याचं त्यांनी सविस्तर वर्णन केलं. एकाच पानावर किती वेगवेगळे जीव एकमेकांच्या आधाराने राहतात, हे त्यातून दिसलं.

पुढे कूपर्स हिलच्या महाविद्यालयात त्यांनी भारताच्या वनखात्यात जाणाऱ्या तरुणांना शिकवलं. जिंजर बिअर आंबवणारा गोळा म्हणजे यीस्ट आणि जिवाणू यांचा एकत्र संसार आहे, हे त्यांनी १८९२ मध्ये मांडलं. सूर्यप्रकाशातला निळा-जांभळा भाग जिवाणूंना मारतो, हेही त्यांनी प्रयोगाने दाखवलं. उन्हात उघडं असलेलं पान हे जिवाणूंसाठी किती खडतर घर आहे, हे यावरून लक्षात येतं. १८९५ पासून ते केंब्रिजमध्ये प्राध्यापक होते. १९०६ मध्ये, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

पानावरच्या या वस्तीला 'फायलोस्फिअर' हे नाव मिळालं, ते १९५० च्या दशकात. आज तिथले उपयोगी जिवाणू वापरून रोग रोखण्याचे प्रयोग सुरू आहेत. वॉर्ड कॉफीचे मळे वाचवू शकले नाहीत. पण रोगावर इलाज शोधायचा तर आधी त्याच्या जंतूचा जीवनक्रम समजून घ्यावा लागतो, हा त्यांनी घालून दिलेला क्रम वनस्पतिरोगशास्त्रात आजही पाळला जातो.