सुसान्ना वेस्लीबाई

जॉन व चार्ल्स वेस्ली या बंधूंची नावे आपल्या मंडळ्यांत सर्वांस ठाऊक आहेत. त्यांच्या मातुश्रींची हकीकत मात्र थोड्यांनीच ऐकिली असेल. सुसान्नाबाई सन १६६९ त लंडन शहरी जन्मल्या. त्यांचे पती शमुवेल वेस्ली हे इंग्लंडातील एपवर्थ गावचे पाळक. गृहस्थ विद्वान, पण सदा ऋणको. सन १७०५ त कर्जापायी त्यांस तुरुंगही पाहावा लागला. बाईंस एकोणीस लेकरे झाली, त्यांपैकी सुमारे निम्मी बाळपणीच वारली.

अशा प्रपंचात बाई घरीच मुलांची शाळा चालवीत. मूल पाच वर्षांचे झाले की दुसऱ्याच दिवशी त्यास मुळाक्षरे शिकवावयाची. बहुतेकांस एक दिवस पुरला. दोघी मुलींस दीड दिवस लागला, म्हणून बाईंनी त्यांस मंद ठरविले. पुढे इतरांची मुले पाहिल्यावर त्यांनी हे मत बदलले! अक्षरे येताच उत्पत्तीचा पहिला अध्याय. एक ओळ पक्की झाल्यावाचून दुसरी नाही. सकाळी नऊ ते बारा, दुपारी दोन ते पाच, सबळ कारणावाचून कोणी जागचे उठावयाचे नाही. मुलगी नीट वाचू लागेपर्यंत तिला कामास लावावयाचे नाही, असाही नेम होता. आमच्या कित्येक घरी याच्या अगदी उलट चालते.

९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री पाळकांचे घर जळाले. पाच वर्षांच्या जॉनला लोकांनी खिडकीतून ओढून काढिले. मग मुले निरनिराळ्या घरी राहिली, आणि परतली ती बेशिस्त होऊन. बाईंस पुनः आरंभापासून श्रम करावे लागले. त्यांच्या घरी छडी होती. वर्षाच्या लेकरासही तिचे भय घालीत, हे मला पटत नाही. परंतु जो आपला अपराध खरेपणाने कबूल करील व सुधारण्याचे वचन देईल, त्यास मार मिळत नसे. यामुळे पुष्कळ खोटे बोलणे टळले, असा त्यांचा अनुभव होता.

पुढे त्यांनी आठवड्यातील संध्याकाळी मुलांस वाटून दिल्या. त्या वेळी त्या एकेका लेकराशी एकांती बसून त्याच्या मनाची विचारपूस करीत. गुरुवार जॉनचा, शनिवार चार्ल्सचा. ऑक्सफर्ड येथे अध्यापक झाल्यावरही जॉनने पत्र लिहून आईपाशी आपली गुरुवारची संध्याकाळ मागितली होती.

२३ जुलै १७४२ रोजी बाई लंडन येथे निवर्तल्या, तेव्हा जॉन त्यांच्या उशाशी होते.