साहेबसिंग सोखी आणि औषधाची किंमत

प्लेगच्या साथीत गाव सोडून माळावर झोपड्या घातल्याच्या आठवणी परभणी जिल्ह्यातील जुन्या पिढीने नातवंडांना सांगितल्या आहेत. उंदीर पडू लागले की घर सोडायचे, एवढाच उपाय सामान्य माणसाच्या हाती होता. हाफकीन यांची लस १८९७ पासून होती. परंतु गाठ आलेल्या रोग्याला देण्याजोगे खात्रीचे औषध नव्हते. त्या शोधात मेजर जनरल साहेबसिंग सोखी यांचा वाटा मोठा आहे.

अमृतसरला १८८७ साली जन्मलेले हे लष्करी डॉक्टर १९२५ मध्ये परळच्या हाफकीन संस्थेत आले आणि १९३२ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले. पिढ्यान्‌पिढ्या साथीतून तगलेल्या शहरी उंदरांत प्लेगविषयी प्रतिकारशक्ती आलेली असते, हे त्यांनी दाखवून दिले. अशा उंदरांवर घेतलेली परीक्षा फसवी ठरणार, हे उघड आहे. म्हणून त्यांनी प्रयोगशाळेत वाढविलेले छोटे उंदीर वापरले आणि लशीच्या सामर्थ्याला मोजमाप दिले.

याच सुमारास जर्मनीत डोमाक यांनी एका लाल रंगद्रव्याचा जंतुनाशक गुण १९३५ साली जाहीर केला. त्याचे पेटंट होते. पण त्यातला खरा गुणकारी अंश सल्फानिलामाइड हा असल्याचे पॅरिसच्या संशोधकांनी लगेच दाखविले आणि तो तर १९०८ मध्येच तयार झालेला, म्हणजे कोणालाही करता येण्याजोगा! मक्तेदारी अशी एका प्रयोगाने ढासळल्याची उदाहरणे आम्हां अर्थशास्त्राच्या मास्तरांना क्वचितच सापडतात.

सोखींनी या सल्फा औषधांकडे प्लेगच्या दृष्टीने पाहिले. रसायनशास्त्रज्ञ गणपती, तसेच वागळे व दीक्षित हे डॉक्टर यांच्यासह केलेले काम १९४१ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी उंदीर, मग रोगी, असा क्रम होता. सल्फाथायाझोल दिलेल्या रोग्यांत मृत्यूचे प्रमाण स्पष्टपणे घटले. पुढे याच कुळातील औषधे वासरांची हगवण आणि कोंबड्यांची रक्ती हगवण यांवरही वापरात आली. गुरांच्या दवाखान्याशी शेतकऱ्याचा जो संबंध येतो, त्यात सल्फाची गोळी फार ओळखीची आहे.

औषध गुणकारी ठरले तरी ते परदेशाहून आणावे लागले, तर खेड्यातल्या रोग्याला त्याचा उपयोग किती? नियोजन समितीच्या आरोग्य उपसमितीचे अध्यक्ष म्हणून आणि १९५२ नंतर राज्यसभेचे नियुक्त सदस्य म्हणूनही सोखी हाच प्रश्न लावून धरीत राहिले. मूळ औषधे देशातच, सार्वजनिक मालकीच्या कारखान्यांत बनली पाहिजेत, असा त्यांचा आग्रह होता. पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये उभी राहिली. सरकारी मालकीने सारे साधते, हा त्यांचा विश्वास मला भाबडा वाटतो. पिंपरीच्या त्या कारखान्याचे पुढे जे झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पेटंटविषयी मात्र त्यांचे निदान अचूक होते. औषधाच्या पदार्थावर नव्हे, तर ते तयार करण्याच्या पद्धतीवरच पेटंट देणारा कायदा १९७० मध्ये संमत झाला. सोखी १९७१ मध्ये वारले. कायदा अंमलात आला १९७२ च्या एप्रिलात, आणि ती तरतूद २००५ पर्यंत टिकली.