आर्थर क्रॉफर्ड

आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड (इ.स. १८३५ – इ.स. १९११) हे मुंबई इलाख्यातील ब्रिटिश सनदी अधिकारी आणि मुंबई शहराचे पहिले महापालिका आयुक्त होते. १८६५ ते १८७१ या काळात त्यांनी शहराची सफाई, सांडपाण्याची व्यवस्था आणि बाजार यांत मोठे बदल घडवून आणले. आज महात्मा जोतिबा फुले मंडई असे अधिकृत नाव असलेली, परंतु बोलण्यात अद्याप क्रॉफर्ड मार्केटच राहिलेली वास्तू त्यांच्याच कारकिर्दीत उभी राहिली. पुढे १८८८ मध्ये पुण्यात उघडकीस आलेल्या लाचखोरीच्या प्रकरणामुळेही त्यांचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदले गेले.

सुरुवातीची कारकीर्द

क्रॉफर्ड १८५४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सनदी सेवेत दाखल झाले. नोकरीची काही वर्षे त्यांनी कोकणात काढली. रत्नागिरी जिल्ह्याशी त्यांचा निकटचा संबंध आला व त्या प्रदेशाविषयीची ओढ उतारवयापर्यंत टिकून राहिली.

मुंबईची स्थिती

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) मुंबईच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला आणि शहरात माणसांची रीघ लागली. १८६४ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. विहार तलावाचे पाणी १८६० पासून शहरात येऊ लागले होते. मात्र आलेले पाणी वाहून नेणारी पुरेशी गटारे नव्हती, त्यामुळे सांडपाणी वस्तीतच तुंबत असे. मैला उचलण्याचे काम हलालखोरांकडे होते. कत्तलखाने भर वस्तीत होते, तसेच कातडी कमावणे, चरबी वितळवणे यांसारखे दुर्गंधी धंदेही. मांस, मासळी व भाजी यांची विक्री अरुंद रस्त्यांवर, उघड्यावर चाले.

१८५८ पासून शहराचा कारभार तीन आयुक्तांच्या मंडळाकडे होता. १८६५ च्या कायद्याने तो बदलला. कर मंजूर करण्याचा अधिकार जस्टिस ऑफ द पीस मंडळीकडे राहिला. अंमलबजावणीची सारी सत्ता मात्र एकट्या आयुक्ताकडे आली. या पदावर क्रॉफर्ड यांची नेमणूक झाली. तेव्हा ते अवघे तीस वर्षांचे होते. युद्ध संपल्याने शेअरबाजार नुकताच कोसळला होता. श्रीमंत शहर एकाएकी कर्जबाजारी झाले होते आणि खर्चाची मोठी कामे नेमकी त्याच वेळी सुरू झाली.

सफाई व बाजार

आरोग्य अधिकारी डॉ. टी. जी. ह्यूलेट यांच्या साहाय्याने क्रॉफर्ड यांनी सफाईची खाती नव्याने बांधली, रस्ते रुंद केले, दुर्गंधी धंदे वस्तीबाहेर घालवले आणि कत्तलखाना वांद्र्याला हलवला. वांद्रे तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होते. जनावर मारण्याची जागा आणि मांस विकण्याची जागा वेगळी करणे हा या योजनेचा गाभा होता. बाजारातील घाण केवळ झाडून जात नाही, ती निर्माण करणारी कामेच तेथून हलवावी लागतात, ही जाण त्यामागे दिसते.

दुसरा भाग नव्या मंडईचा. किल्ल्याच्या तटबंदीची पाडापाडी झाल्यावर कोट आणि एतद्देशीयांची वस्ती यांच्या सीमेवर जागा उपलब्ध झाली होती. विल्यम इमर्सन या वास्तुविशारदाने केलेल्या आराखड्यानुसार १८६९ मध्ये ही इमारत पूर्ण झाली. बांधकामात कुर्ल्याचा पिवळसर व वसईचा तांबूस दगड वापरला आहे. प्रवेशद्वारांवरील शिल्पपट्ट लॉकवुड किपलिंग यांचे असून आतील कारंजाच्या शिल्पकामातही त्यांचा हात आहे. पाहणाऱ्याचे लक्ष या शिल्पांकडे आणि घड्याळाच्या मनोऱ्याकडे जाते. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती आतली मांडणी. उंच लोखंडी छतामुळे उजेड व हवा येते, पण मालावर थेट ऊन पडत नाही. जमिनीला स्कॉटलंडमधील केथनेसच्या फरश्या बसवल्या. मातीच्या जमिनीप्रमाणे त्यांत पाणी व रक्त मुरत नाही आणि त्या धुता येतात. फळे-फुले एका बाजूला, भाजीपाला व मसाले दुसऱ्या बाजूला, तर मटण, गोमांस व मासळी यांचे विभाग मुख्य इमारतीमागे स्वतंत्र ठेवले. १८८२ मध्ये येथे विजेचे दिवे लावण्याचा प्रयोगही झाला.

या दशकाच्या अखेरीस शहरातील कॉलऱ्याचे प्रमाण पुष्कळ घटले. त्याचे श्रेय एकट्या आयुक्तांना देता येत नाही. विहारच्या पाण्याचाही त्यात मोठा वाटा होता.

करदात्यांचा असंतोष

कामे दिसत होती, तशी देणीही वाढत होती. मंजुरीपेक्षा अधिक खर्च होई आणि त्याचा हिशेब आयुक्तांकडून वेळेवर मिळत नसे. मंदीने ग्रासलेल्या घरमालकांवर घरपट्टी व हलालखोर कराचा बोजा पडला. १८७१ मध्ये करदात्यांनी चळवळ उभारली आणि क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले. तरुण फिरोजशहा मेहता यांनी त्याच वर्षी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमधील सभेत प्रवाहाविरुद्ध जाऊन त्यांच्या कामाची बाजू घेतली. आयुक्ताची सत्ता काढून घेणे हा उपाय नसून तिच्यावर देखरेख ठेवणारी मंडळी करदात्यांनी निवडून दिली पाहिजेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. श्रोत्यांना ते रुचले नाही. १८७२ च्या कायद्याने मात्र ६४ सदस्यांची महापालिका स्थापन झाली आणि त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले.

क्रॉफर्ड प्रकरण

पुढे मध्य विभागाचे आयुक्त म्हणून क्रॉफर्ड पुण्यात आले. त्यांचे राहणे खर्चिक होते व कर्जे जुनी होती. नेमणुका व बदल्यांसाठी ते मध्यस्थांमार्फत मामलेदारांकडून पैसे घेतात, असा आरोप १८८८ मध्ये पुढे आला. गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या सरकारने त्यांना निलंबित केले. वेषांतर करून निसटण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. हणमंतराव या मध्यस्थाला शिक्षा झाली. न्यायमूर्ती विल्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाला लाचखोरी सिद्ध झाल्याचे वाटले नाही. आपल्याच विभागातील लोकांकडून कर्ज घेतल्याचा ठपका मात्र राहिला आणि क्रॉफर्ड यांना सेवेतून दूर करण्यात आले.

अभयाचे वचन मिळाल्याने पैसे दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांची स्थिती यानंतर बिकट झाली, कारण दिलेले वचन पाळले जाण्याची चिन्हे दिसेनात. त्यांच्या बाजूने १८८९ मध्ये पुण्यात झालेल्या सभेत बाळ गंगाधर टिळक यांचा पुढाकार होता.

उत्तरायुष्य

क्रॉफर्ड यांनी नंतरच्या काळात रेमिनिसेन्सेस ऑफ अ‍ॅन इंडियन पोलीस ऑफिशियल (१८९४), अवर ट्रबल्स इन पूना अँड द डेक्कन (१८९७) आणि लेजंड्स ऑफ द कोकण (१९०९) ही पुस्तके लिहिली. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्या लॉर्ड रे यांच्या सरकारने क्रॉफर्ड यांच्यावर कारवाई केली, त्यांच्याच नावाने पुण्याची मंडई १८८६ मध्ये सुरू झाली. त्या मंडईवरील खर्चाला महात्मा फुले यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे मत होते. स्वातंत्र्योत्तर काळात मुंबईच्या मंडईला फुले यांचे नाव देण्यात आले आणि पुण्याची मंडईही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मुंबईच्या मंडईतील फळांचा घाऊक व्यापार मार्च १९९६ मध्ये नवी मुंबईला हलवण्यात आला. किरकोळ विक्री तेथे पुढेही चालू राहिली.